चारशे मीटरची हद्द

मी आयुष्यात केलेला पहिला नकाशा अण्णांनी आधी चष्मा कपाळावर चढवून पाहिला, मग नाकावर घेऊन पाहिला आणि विचारलं, "रंगपंचमी खेळलीस का गं यावर?"

अण्णा म्हणजे माझे वडील. सांगलीजवळच्या एका तालुक्याच्या गावी त्यांनी पस्तीस वर्षं सरकारी मोजणी केली. एक साखळी, खांद्याला कापडी पिशवी, कानामागे पेन्सिल. कुणाचा बांध कुठे संपतो आणि कुणाचा कुठे सुरू होतो, हे ठरवण्यात त्यांची हयात गेली. आणि मी, वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी, सिंगापुरात बुकित बातोकच्या फ्लॅटमध्ये जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मांडून नकाशे काढायला शिकत होते, तेही पेन्सिलीला हात न लावता.

"उत्तर कुठाय?" त्यांनी विचारलं.

"हल्ली उत्तर वरच असते, अण्णा. दाखवत नाहीत."

"आणि कागद उलटा धरला तर?"

"हा कागद नाहीये. स्क्रीन आहे."

"मग स्क्रीन उलटा धरला तर," असं म्हणून ते चहाकडे वळले.

मला राग आला. मला राग फार लवकर येतो. आईकडून मला दोनच गोष्टी मिळाल्या, मोत्यांच्या कुड्या आणि हा राग, आणि कुड्या मी क्वचित घालते. कॉलेजला मी एसटीनं सांगलीला जायची. संध्याकाळी परतले की अण्णा स्टँडवर सायकल घेऊन उभे असायचे. एकदा मैत्रिणी हसल्या, तर मी घरी येऊन थयथयाट केला, की मी काय लहान आहे का, उद्यापासून न्यायला यायचं नाही. दुसऱ्या दिवसापासून ते स्टँडच्या पलीकडे, रसाच्या गुऱ्हाळापाशी उभे राहायला लागले. मी उतरले, चालायला लागले, की पन्नास पावलं अंतर ठेवून मागून येत. मी कधी वळून पाहिलं नाही, पण त्यांच्या सायकलच्या मडगार्डचा खुळखुळाट घरापर्यंत ऐकू यायचा. याबद्दल आम्ही दोघं कधीच बोललो नाही.

पुढच्या शनिवारी नकाशांच्या वर्गात बाईंनी माझा नकाशा भिंतीवर मोठा करून दाखवला आणि अगदी शांतपणे विचारलं, की यात उत्तर कुठे आहे, आणि अकरा रंग कशासाठी. घरी येऊन मी हे अण्णांना सांगितलं नाही.

हा वर्ग ऑफिसनं माझ्या माथी मारला होता. वन-नॉर्थमधल्या आमच्या ऑफिसात माल पोचवणाऱ्या गाड्यांच्या फेऱ्यांचे अहवाल मी बारा वर्षं करत होते. तक्ते, रकाने, टक्केवारी. मग एक दिवस साहेबांनी सांगितलं की तक्ते आता कुणी वाचत नाही, नकाशे हवेत, आणि तेही रोज सकाळी आपोआप तयार झालेले हवेत. म्हणून शनिवारचा वर्ग. आधी नकाशाची मांडणी, मग जागांच्या माहितीची साफसफाई, आणि शेवटी ते सगळं माणसाच्या हाताशिवाय चालवणारी पाइपलाइन. वर्गात वयानं मी सर्वांत मोठी. शेजारची मुलगी मला आंटी म्हणायची आणि मी अडले की सरळ माझ्या कीबोर्डवर हात टाकायची. शिकवणाऱ्या बाई इथल्याच, चिनी, माझ्याहून बारा-तेरा वर्षांनी लहान, पण हातचं राखून न शिकवणाऱ्या. त्यांचा पहिला धडा असा होता की नकाशात काय घालायचं हे कुणालाही कळतं, काय गाळायचं ते शिकायला तुम्ही इथे आला आहात. मी ते वहीत लिहून घेतलं आणि खाली रेघ मारली.

आई गेली त्याच्या तिसऱ्या महिन्यात अण्णा आमच्याकडे आले. सांगलीला थोरला भाऊ आणि वहिनी होतेच, पण मी हट्टानं बोलावून घेतलं. लाँग टर्म व्हिजिट पास काढला. सुरुवातीचे महिने चांगले गेले. सकाळी ते जुन्या दगडखाणीत साठलेल्या तळ्यापर्यंत चालत जायचे आणि आल्यावर, खाण किती खोल असावी याचा अंदाज सांगायचे. हॉकर सेंटरमधला, म्हणजे इथल्या खाऊगल्लीतला, चहा त्यांना 'रंगाला बरा, चवीला सरकारी' वाटायचा, तरी रोज प्यायचे. माझी लेक तेव्हा तेरा वर्षांची. ती त्यांच्याशी इंग्रजीत बोलायची, ते तिच्याशी मराठीत, आणि दोघांचं मजेत चालायचं.

मग हळूहळू लक्षात यायला लागलं. एकच गोष्ट जेवताना तीनदा विचारणं. चष्मा फ्रिजमध्ये. एका दुपारी तर ते शेजारच्या ब्लॉकमध्ये गेले, बरोबर आमच्याच मजल्यावर, आमच्याच कोपऱ्यातल्या दाराशी उभे राहिले आणि किल्ली लावत बसले. त्या घरातल्या मलाय आजींनी त्यांना हाताला धरून आमच्या दाराशी आणून सोडलं. "सगळ्या इमारती एका साच्यातून काढल्यात, नुसते आकडे वेगळे," अण्णा म्हणाले, "माणूस चुकेल नाही तर काय!" डॉक्टरांनी सांगितलं की सुरुवात आहे. चालणं बंद करू नका, फक्त लक्ष असू द्या.

तेव्हापासून घरात प्रश्न एकच होता, अण्णांना एकट्यानं बाहेर सोडायचं की नाही. मी दिवसभर ऑफिसात, नवरा महिन्यातले पंधरा दिवस जकार्ताला, लेक चारपर्यंत शाळेत. बाहेर सोडायचं नाही म्हटलं असतं तर त्यांना घरात कोंडावं लागलं असतं, आणि उभा जन्म शिवारात चाललेला माणूस कोंडून ठेवायचा नसतो. म्हणजे मग सांगली. पासची मुदत जूनमध्ये संपत होती. तोवर ते इथे एकटे सुखरूप हिंडू-फिरू शकतात हे सिद्ध झालं असतं, तर पास वाढवायचा. नाहीतर परत पाठवायचं. मला ते माझ्याजवळ हवे होते. आता हे लिहायला काही लागत नाही. त्यांना समोर बसवून मी ते एकदाही म्हटलं नाही.

तिसऱ्या आठवड्यात बाईंनी गृहपाठ दिला, एकाच माणसासाठी, एकाच कामासाठी नकाशा करा. मी अण्णांसाठी केला. रंग चारच. आमचा ब्लॉक लाल, बाकी सगळे फिकट राखाडी. हॉकर सेंटर, दवाखाना, बाग, तळं, आणि नावं ठसठशीत देवनागरीत. उत्तरेचा बाण असा मोठा की आंधळ्यालाही दिसावा. बाकी सगळं गाळलं. मोठे रस्ते गाळले, पलीकडची वसाहत गाळली, एमआरटीचं, म्हणजे मेट्रोचं, स्टेशन गाळलं. स्टेशनवर त्यांचं कामच काय? गाडीत चुकून चढले तर सगळ्या बेटावर शोधत फिरावं लागेल.

अण्णांनी तो कागद हातात घेऊन बराच वेळ पाहिला. "आता झाला नकाशा," ते म्हणाले. मला वर्गातल्या कुठल्याही शाबासकीनं झाला नाही इतका आनंद झाला. मग त्यांनी कानामागची पेन्सिल काढली आणि कागदाच्या वरच्या कोपऱ्यात, चौकटीच्या बाहेर, कोऱ्या जागेत एक बारीक गोल काढून आत ठिपका दिला. हद्दीच्या दगडाची खूण ते तशीच करायचे.

"हे काय?"

"स्टेशन. राहिलंय तुझं."

"राहिलं नाही, मी गाळलंय. तुम्हाला काय करायचंय तिथे?"

त्यांनी कागदाची घडी करून खिशात ठेवली. पहिली प्रत घामानं विरल्यावर मी दुसरी छापून दिली, तर तिच्यावरही संध्याकाळपर्यंत तोच गोल, त्याच ठिकाणी. तिसऱ्या प्रतीच्या वेळी मी बघायचंच सोडून दिलं.

वर्ग पुढे सरकला तसं नकाशे मागे पडले आणि पाइपलाइन सुरू झाली. पाइपलाइन म्हणजे काम एकदा नीट लिहून ठेवायचं, मग ते आपलं आपण चालत राहतं. एका टोकाला कच्ची माहिती येऊन पडते, मध्ये ती धुतली-गाळली जाते आणि दुसऱ्या टोकाला नकाशा बाहेर येतो. शेवटच्या प्रकल्पासाठी प्रत्येकानं आपापला विषय निवडायचा होता. कुणी बसचे थांबे घेतले, कुणी पक्षी. मी अण्णा घेतले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

माझा जुना फोन त्यांच्या सदऱ्याच्या खिशात दिला. तो दर मिनिटाला त्यांची जागा कळवायचा. घराभोवती मी चारशे मीटरचं वर्तुळ आखलं. आत असले की माझ्या फोनवर हिरवी खूण, 'आत'. बाहेर गेले की घंटा. दिवस संपला की त्या दिवसाच्या चालण्याची रेघ नकाशावर काढून तयार. बाईंनी सांगितलं होतं की आधी स्वतःच्या फोनवर तपासून पाहा, म्हणून माझाही फोन त्या पाइपलाइनला जोडला होता, तो मी पुढे काढलाच नाही. उंटावरून शेळ्या हाकायची अशी सोय याआधी कुणाला मिळाली नसेल.

कच्ची माहिती मात्र भलती घाण निघाली. उंच इमारतींमुळे फोनला नीट कळत नाही. माणूस एका जागी उभा राहिला की त्याचे ठिपके मोहरी सांडावी तसे आसपास पसरतात आणि रेघेचा गुंता होतो. यावर उपाय वर्गात शिकवला होता, जिथे हालचाल नाही तिथले ठिपके गाळून टाकायचे, चालण्याचे तेवढे ठेवायचे. बाईंनी दोन गोष्टी बजावल्या होत्या. गाळण्याआधी डोळ्यांनी बघा, आणि कच्ची माहिती कधीच फेकू नका. दुसरी गोष्ट मी पाळली, कारण अण्णांच्या कचेरीतही कच्चं टिपण फाडणं हा गुन्हा होता. पहिलीला वेळ कुणाला होता? मी दोन ओळी लिहिल्या आणि गुंता नाहीसा झाला. सुरेख, पातळ, स्वच्छ रेघ. मी कौतुकानं अण्णांना दाखवली.

"उभं राहिल्याचं काढून टाकलंस?" त्यांनी विचारलं.

"तो कचरा असतो, अण्णा."

"मोजणीत उभा माणूसच धरून चालतात," ते म्हणाले. "चालणारा नुसती साखळी ओढतो."

मी हसले. त्यांच्या काळातली गोष्ट म्हणून सोडून दिली.

पहिली घंटा वाजली ती एप्रिलमध्ये, संध्याकाळी साडेसहाला. मी ऑफिसातून परतताना जुराँग ईस्टला गाडी बदलत होते. फोन केला, उचलला नाही. पुन्हा केला, नाही. बुकित बातोकला उतरून मी जवळजवळ पळत घरी आले. अण्णा घरात नव्हते. चपला काढते न काढते तोच दारात किल्ली वाजली आणि ते आत आले. अगदी शांत, कपाळावर थोडा घाम.

"कुठे गेला होतात?"

"जरा काम होतं."

"कसलं काम?"

"होतं," म्हणाले आणि हातपाय धुवायला गेले.

मग ते रोजचंच झालं. शनिवार-रविवार सोडून रोज, साडेसहाच्या सुमाराला घंटा. रोज मी घरी पोचल्यावर मिनिटाभरात ते हजर. रोज 'जरा काम होतं.' नकाशावर रेघ दिसायची ती वर्तुळातून बाहेर निघालेली, स्टेशनच्या बाजूला गेलेली आणि तशीच परत वळलेली. कुठे थांबलेली नाही, कुठे टेकलेली नाही. निरुद्देश. मी ती सांगलीला दादाला पाठवली, डॉक्टरांनाही दाखवली. संध्याकाळी अशा रुग्णांची अस्वस्थता वाढते, डॉक्टर म्हणाले, घराबाहेर पडून भटकतात. सगळं जुळत होतं.

लेक एवढंच म्हणाली, "आजोबा not lost, lah. He walk very steady one."

"तू तुझा अभ्यास कर," मी म्हटलं.

मे महिन्यात एक दिवस घंटा वाजली आणि आमची गाडी मध्येच वीस मिनिटं थांबून राहिली. फोन उचलत नाहीत, वर्तुळाबाहेर आहेत, बाहेर धो धो पाऊस. घरी पोचेपर्यंत माझ्या डोक्यात नाही नाही ते येऊन गेलं. दोन मिनिटांनी ते आले ते नखशिखान्त भिजलेले. माझा तोल गेला. मी आयुष्यात कुणावर ओरडले नसेन तशी माझ्या बापावर ओरडले. कुठे जाता, का जाता, मला मारायचंय का काळजीनं, आज सांगितल्याशिवाय सोडणार नाही.

ते टॉवेल हातात घेऊन उभे होते. पाणी फरशीवर ठिबकत होतं. म्हणाले, "अगं, पोरगी यायची होती. तिच्यासाठी गेलो होतो."

"कुठली पोरगी?"

"आपली."

"अण्णा, मी आहे तुमची पोरगी! ही समोर उभी आहे ती!"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "हो, आलीस की," ते म्हणाले आणि डोकं पुसायला लागले.

माझ्या लेखी तिथेच निकाल लागला. अण्णांना आता काळवेळाचं भान उरलं नाही, ते तीस वर्षांपूर्वीच्या एसटी स्टँडवर जाऊन उभे राहतात, उद्या रस्त्यात गाडीखाली येतील. मी दादाला फोन केला. पास वाढवायचा नाही असं ठरलं. जूनच्या तिसऱ्या आठवड्यातलं तिकीट काढलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांना बसवून सांगितलं. दादा वाट बघतोय, वहिनी घरी असते, तिथे ओळखीची माणसं आहेत. ते ऐकत होते. आणि तोवर चारशे मीटरच्या पलीकडे पाऊल टाकायचं नाही, असं मी बजावलं.

"चारशे कुठून?" त्यांनी विचारलं. "दारापासून की लिफ्टपासून?"

असा कीस काढायची ही वेळ होती का? "लिफ्टपासून!" मी खेकसले.

त्यांनी मान हलवली. कचेरीतून हुकूम आला की हलवत असतील तशी.

त्यानंतर घंटा वाजली नाही. एक दिवस नाही, दोन दिवस नाही, पाच आठवडे नाही. संध्याकाळी ते फिरायला जायचे तेवढे, मी आल्यावर मिनिटाभरात परत यायचे. 'फिरून आलो' म्हणायचे. घरी चालत येताना मी रोज फोनवर बघायची, हिरवी खूण, 'आत'. एकदा मनात आलं की पास वाढवावा का. अर्ज लॅपटॉपवर उघडून बसलेही होते. मग वाटलं, ही सुधारणा नाही, बाहेर जायची उमेदच संपत चालली आहे. मी अर्ज बंद केला. प्रकल्पाला मला वर्गात सर्वांत जास्त गुण मिळाले. बाईंनी सर्वांना माझी रेघ दाखवली आणि म्हणाल्या, बघा किती स्वच्छ.

विमानतळावर अण्णांनी निघताना माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "जपून येत जा." मी म्हटलं, "जात जा म्हणा, अण्णा, जाताय तुम्ही." ते हसले. सांगलीला ते घरातच बसून असायचे. वहिनी सांगायची, बाहेर चला म्हटलं तर म्हणतात, इथे काय काम आहे माझं? पावसाळ्याच्या शेवटी छातीत कफ झाला आणि आठ दिवसांत गेले. मी पोचले तेव्हा दिवस सुरू झाले होते. वहिनीनं त्यांची कापडी पिशवी माझ्या हातात दिली. तिच्यात माझ्या नकाशाची तिसरी प्रत होती, घड्यांवर फाटलेली. वरच्या कोपऱ्यात, चौकटीबाहेर, तो गोल.

दिवाळीनंतर ऑफिसात साहेबांनी सांगितलं की नव्या माणसांना पाइपलाइन शिकव. साफसफाईनं काय फरक पडतो हे दाखवायला मला 'आधी' आणि 'नंतर' असे दोन नकाशे हवे होते. माझ्याकडे तयार माहिती एकच होती. जेवणाची सुट्टी होती, सगळे खाली गेले होते. मी अण्णांची कच्ची माहिती उघडली, गाळणीच्या त्या दोन ओळी बंद केल्या आणि चालू करून दिलं.

स्वच्छ रेघेच्या जागी ढीग दिसायला लागले. एप्रिल-मेमधला एक मोठा, काळाकुट्ट ढीग बुकित बातोक स्टेशनच्या बाहेर, रस्त्याच्या पलीकडच्या कडेला. रोज तोच. मी वेळा पाहिल्या. सहा पस्तीस ते सहा बावन्न. सहा तेहेतीस ते सहा पन्नास. ज्या दिवशी मला उशीर झाला होता त्या दिवशी साडेसातपर्यंत. गाडी थांबली होती त्या पावसाच्या दिवशी सात बारापर्यंत. निरुद्देश भटकणारा माणूस रोज एकाच जागी येऊन सतरा मिनिटं उभा राहत नाही. मग मला आठवलं की माझा फोनही जोडलेला होता. मी माझी रेघ तिच्यावर घातली. रोज माझा ठिपका स्टेशनातून बाहेर पडत होता, आणि मी निघाले की थोड्या वेळानं त्यांचा ढीग सुटत होता. घरापर्यंत दोन रेघा, एक पुढे, एक मागे. मधलं अंतर मी मोजलं नाही. मला ते ठाऊक होतं.

ते मला कॉलेजातली समजून येत होते की ऑफिसातली, हे मला कधी कळणार नाही. वेळ बरोबर माझ्या गाडीची होती आणि अंतर मी सोळाव्या वर्षी घालून दिलेलं. रोज मी घरी आले की मिनिटभरात ते का येत, याचा विचार तेवढे दिवस माझ्या मनात एकदाही आला नाही. माझ्या टेबलाशी मी तोंडावर हात घेऊन रडले. कुणी नव्हतं ते बरं झालं.

शेवटचे पाच आठवडे बघायची हिंमत मला दुसऱ्या दिवशी झाली. घंटा न वाजलेले पाच आठवडे. स्टेशनजवळचा ढीग नाहीसा झाला होता. दुसरा एक ढीग होता, वर्तुळाच्या आतल्या बाजूला, अगदी कडेला टेकून. स्टेशनकडून येणारा रस्ता जिथून सरळ दिसतो तिथे, एका ब्लॉकच्या खांबाशी. मी त्याचा मध्य काढून लिफ्टपासून अंतर मोजलं. तीनशे नव्वद मीटरच्या आसपास. त्यांच्याकडे साखळी नव्हती, पावलांनीच मोजलं असणार. रोज साडेसहाला ते माझ्या हद्दीपर्यंत येत होते आणि तिथे उभे राहत होते. मी त्याच रस्त्यानं, समोरच्या कडेनं घरी जात होते, आणि माझा ठिपका त्यांच्या ढिगाला अगदी जवळून ओलांडत होता. तेव्हा माझी मान खाली होती. मी फोनवर बघत होते, अण्णा वर्तुळाच्या आत आहेत ना.

त्या संध्याकाळी मी तिथे जाऊन उभी राहिले. खांब, एक बाक, सायकलींची रांग. मला दिसलं की इथून रस्त्यावरचा प्रत्येक चेहरा ओळखू येतो. येणाऱ्या कुणालाही मात्र, वर बघितलं असतं तरच मी दिसले असते.

एक दिवस बघायचा राहिला होता, तो घरी येऊन पाहिला. विमानाच्या आदल्या दिवशी मी त्यांच्यासाठी स्वेटर आणि औषधं घ्यायला गेले होते, त्यामुळे यायला आठ वाजले, आणि मी बसनं दुसऱ्याच बाजूनं आले. येऊन बघते तर अण्णा घरात नव्हते. ते वीस-पंचवीस मिनिटांनी आले, 'फिरून आलो' म्हणाले आणि मी म्हटलं, उद्या प्रवास आहे, आज तरी लवकर झोपायचं. त्या दिवसाचा ढीग सगळ्यांत मोठा आहे. साडेसहापासून सव्वाआठपर्यंत.

त्याच दिवसाचा माझा स्वच्छ नकाशाही आहे. त्यावर बारीकशी रेघ आहे, आणि वर हिरवी खूण, 'आत'.